संस्थेचें सामायिक दप्तर : कोणीं पाहावें, कोणीं लिहावें, कोणीं मंजूर करावें

शेतकऱ्यांच्या संस्थेचें दप्तर पूर्वीं एका लांकडी पेटींत मावत असे, आणि त्या पेटीची किल्ली चिटणिसाच्या कमरेस असे. गेल्या कांहीं वर्षांत ही पेटी मोबाइलांत गेली आहे. सभासदांचे सातबारा व आठ-अ यांचे उतारे, आधारकार्डाच्या प्रती, बँकेच्या पासबुकाचें पहिलें पान, माती-पाण्याच्या तपासणीचे अहवाल, बागांच्या फवारणीच्या नोंदी, सभांचीं इतिवृत्तें हें सर्व एका सामायिक फोल्डरांत घालावयाचें आणि त्याची लिंक व्हॉट्सॲपच्या गटावर टाकावयाची, अशी वहिवाट पडत चालली आहे. सोय मोठी झाली यांत संशय नाहीं. परंतु पेटी उघडी आहे कीं बंद आहे हें डोळ्यांस दिसत असे. फोल्डर कोणाकोणास उघडा आहे हें मुद्दाम पाहिल्यावांचून कळत नाहीं.

आमच्या सांगोला तालुक्यास या विषयाचें महत्त्व विशेष आहे. येथें पाऊस थोडा, म्हणून माणदेशांतील शेतकऱ्यानें डाळिंबावर भिस्त ठेविली. युरोपांत माल पाठवावयाचा तर बागेची नोंदणी अपेडाच्या ‘अनारनेट’ व्यवस्थेंत करावी लागते, आणि कोणतें औषध केव्हां व किती फवारलें, शेवटची फवारणी व तोडणी यांमध्यें किती दिवस गेले, याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद मागाहून कोणी बदलूं शकतो असें खरेदीदारास एकदां कळलें, म्हणजे त्या एकाच बागेच्या नव्हे, तर सर्व गटाच्या वहीवरचा विश्वास उडतो. दुसरीकडे, सभासदाचें आधार, खातें आणि जमिनीचा उतारा हीं तीन एकत्र परक्याच्या हातीं पडलीं, तर त्यांचा उपयोग तो कशासाठीं करील याचा नेम नाहीं. सबब सामायिक दप्तराचे अधिकार कसे वांटावे, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचा जन्म गेला असल्यामुळें दाखले त्याच दप्तराचे घेतले आहेत. शेतकऱ्याच्या ओळखीचें दप्तरही तेंच आहे.

१. कोंडलेलें दप्तर व मोकाट दप्तर

सामायिक दप्तरास दोन प्रकारचे रोग जडतात. तें एकाच्याच हातीं कोंडून राहतें, किंवा तें ज्याच्या त्याच्या हातीं मोकाट सुटतें.

कोंडलेल्या दप्तराचा परिणाम आपल्या प्रांतानें पुरेपूर भोगला आहे. सावकाराची वही सावकारानेंच लिहावी, त्यानेंच ठेवावी, आणि ऋणकोनें तीवर आंगठा तेवढा उठवावा, अशी स्थिति होती. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व तो पुणें आणि अहमदनगर (हल्लीचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. त्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांनीं खतें व रोखे मागितले आणि जाळले. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं, तपासतां येत नाहीं आणि तरीही ज्याच्या जोरावर आपली जमीन जाते, त्या कागदावर त्यांचा राग होता. पुढें सन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावे, सावकारानें दिलेल्या पैशाची पावती द्यावी, हिशेबाचा उतारा व पासबुक द्यावें, अशीं कलमें त्यांत होतीं. म्हणजे ज्याच्या व्यवहाराची नोंद आहे त्यास ती नोंद पाहावयास मिळालीच पाहिजे, हें तत्त्व कायद्यांत आलें.

गांवच्या दप्तराचीही अशीच कथा आहे. वतनदार कुलकर्ण्याचें दप्तर बहुधा त्याच्या राहत्या घरीं रुमालांत बांधलेलें असे. दप्तर गांवाचें, पण तें जणूं घराण्याचें. पगारी तलाठी नेमण्याची पद्धत हळूहळू वाढत गेली, आणि सन १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें बंद झालीं, तेव्हां हें दप्तर कायमचें घराण्यापासून सुटलें व हुद्द्यास चिकटलें.

मोकाट दप्तराचा रोग नवा आहे. त्यांत कागद कोणापासून लपत नाहीं, परंतु तो कोणीही बदलूं शकतो, आणि कोणीं बदलला हें विचारण्याची सोय राहत नाहीं. कोंडलेल्या दप्तरांत चोर एकच असूं शकतो व तो कोण हें सर्वांस ठाऊक असतें. मोकाट दप्तरांत सर्वच संशयित होतात.

२. हक्कनोंदणीचा कित्ता

या दोन्ही रोगांवरचा उपाय आपल्या हक्कनोंदणींत शंभरांहून अधिक वर्षें चालत आला आहे. मुंबई इलाख्याचा हक्कनोंदणीचा पहिला कायदा सन १९०३ चा. सन १९१३ सालीं त्याचीं कलमें १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत घालण्यांत आलीं, व हल्लीं तीच व्यवस्था थोड्याफार फरकानें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत आहे.

एखाद्यानें जमीन खरेदी केली असें समजा. खरेदीदाराचें नांव सातबाऱ्यावर कसें चढतें तें पाहूं. प्रथम खबर तलाठ्याकडे येते. तलाठी ही खबर थेट सातबाऱ्यांत घालीत नाहीं. त्यास तसा अधिकारच नाहीं. तो ती गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, यांत लिहितो. नंतर नोंदीची प्रत चावडींत लावावयाची व ज्यांचा हितसंबंध असेल त्यांस नोटीस द्यावयाची. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती सहा-अ या तक्रारींच्या वहींत जाते. शेवटीं नोंद तपासून मंजूर करावयाची, ती तलाठ्यानें नव्हे. अव्वल कारकुनाच्या दर्जाहून खालचा नसेल अशा अधिकाऱ्यानें, आणि तक्रार नसेल तर सर्कल इन्स्पेक्टरनें, म्हणजे हल्लींच्या मंडळ अधिकाऱ्यानें. नोटीस बजावल्यावांचून कोणतीही नोंद मंजूर करूं नये, असें कलम १५० स्पष्ट सांगतें.

हाताच्या लेखणीच्या काळीं मंजुरी होईपर्यंत सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद पेन्सिलीनें ठेवीत व मंजुरीनंतर शाईनें करीत. जुन्या खातेदाराचें नांव खरवडून काढीत नसत. त्यास कंस करीत आणि ज्या फेरफारानें तें कमी झालें त्याचा क्रमांक वर्तुळांत लिहीत. त्यामुळें पन्नास वर्षांनीं नातवास आजोबाचें नांव केव्हां व कशामुळें गेलें हें शोधतां येतें. लेखनाची चूक आढळली तर ती दुरुस्त करण्यास कलम १५५ आहे, परंतु तपासणींत अधिकाऱ्यास स्वतःस चूक दिसली तरी पक्षकारांस नोटीस दिल्यावांचून ती दुरुस्त करतां येत नाहीं. आणि पाहण्याचा अधिकार? कलम ३२७ प्रमाणें नकाशे व जमिनीचे अभिलेख नियमांस अधीन राहून कचेरीच्या वेळांत सर्वांस पाहण्यास खुले आहेत व फी भरून त्यांच्या नकला मिळतात.

या सर्व रचनेंतून चार गोष्टी निघतात. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. नोंद मंजूर होण्यापूर्वीं ज्याचें हित तीत गुंतलें आहे त्यास खबर. लिहिलेलें पुसावयाचें नाहीं, कंस करावयाचा. आणि पाहण्याचा अधिकार लिहिण्याच्या अधिकाराहून पुष्कळ मोठ्या समुदायास. मंजूर झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असें कलम १५७ म्हणतें. इतका भरंवसा कायदा या कागदावर ठेवतो, तो तलाठी देवमाणूस असतो म्हणून नव्हे, तर ती नोंद या चार पायऱ्या चढून आलेली असते म्हणून.

३. यंत्रावरचा सातबारा

आतां सातबारा संगणकावर आला, तरी या पायऱ्या मोडल्या नाहींत. ई-फेरफारांत तलाठ्याचा (ज्यास हल्लीं ग्राममहसूल अधिकारी म्हणतात) प्रवेश निराळा व मंडळ अधिकाऱ्याचा निराळा आहे. दुय्यम निबंधकाकडे झालेल्या दस्ताची माहिती यंत्रानेंच पुढें येते. एकानें फेरफार तयार करावयाचा व दुसऱ्यानें मंजूर करावयाचा. मंजुरी झाल्यावांचून सातबारा बदलत नाहीं. चावडीवरील नोटिशीची जागा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळानें घेतली असून, पुण्यास राहणाऱ्या भावासही गांवच्या जमिनीवर कोणता फेरफार चालू आहे हें घरबसल्या पाहतां येतें.

याहून शिकण्याजोगी गोष्ट ई-पीक पाहणीची आहे. नमुना बारावर पीक लिहिण्याचा अधिकार पिढ्यानपिढ्या गांवकामगाराचा होता. १५ ऑगस्ट १९२१ नव्हे, २०२१ पासून तो राज्यभर खुद्द शेतकऱ्यास मिळाला. शंभर वर्षांपूर्वीं हें कोणास स्वप्नांतही आलें नसतें. परंतु तो अधिकार कसा दिला पाहा. शेतकऱ्यानें आपल्याच गटांत, आपल्याच पिकापुरतें, शेतांत उभें राहून छायाचित्रासह लिहावयाचें. सन २०२२ सालीं सुधारलेल्या ॲपांत आपली नोंद दुरुस्त करण्यास अठ्ठेचाळीस तासांची मुदत ठेविली, व तलाठ्यानें किमान दहा टक्के नोंदी पडताळाव्या असें ठरविलें. खातेदाराचें नांव बदलण्याची मुभा त्यास नाहीं. अधिकार मोठ्या समुदायास देतां येतो; मात्र त्याची हद्द बांधून द्यावी लागते, हा यांतला धडा.

४. संस्थेच्या कागदांची वर्गवारी

हाच कित्ता संस्थेनें गिरवावयाचा आहे. फोल्डर उघडण्यापूर्वीं एका कोऱ्या कागदावर संस्थेच्या सर्व कागदांची यादी करून त्यांचे चार वर्ग पाडावे.

(अ) सर्व सभासदांनीं पाहावयाचे कागद. पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, संचालक मंडळाची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचीं व संचालक मंडळाच्या सभांचीं इतिवृत्तें. हे कागद दाखविणें ही चिटणिसाची मेहेरबानी नव्हे. संस्था सहकारी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ३२ प्रमाणें हे कागद कचेरीच्या वेळांत विनामूल्य पाहण्याचा सभासदास हक्क आहे.

(आ) ज्याचे त्यानेंच पाहावयाचे कागद. सभासदाचें कर्जखातें, माल दिल्याचा हिशेब, त्याच्या बागेचा तपासणी अहवाल. त्याच कलमानें सभासदास दप्तराचा जो भाग पाहण्याचा हक्क दिला आहे तो ‘त्याच्या व्यवहारांची नोंद ज्यांत आहे’ तेवढाच. शेजाऱ्याचें कर्ज किती थकलें हें पाहण्याचा हक्क दिलेला नाहीं.

(इ) कामापुरते, नेमलेल्या माणसानेंच पाहावयाचे कागद. आधार, पासबुक, सह्यांचे नमुने. हे संस्थेस एका कामासाठीं दिलेले असतात. त्या कामाच्या बाहेर ते वापरणें हा विश्वासाचा भंग आहे. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदाही सन २०२३ सालीं संमत झाला आहे. ज्या ठिकाणीं चालेल तेथें आधाराचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रत घ्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. काम संपल्यावर जी प्रत ठेवण्याची जरूर नाहीं ती ठेवूं नये.

(ई) चालू लेखनाच्या वह्या. फवारणीची नोंद, पाणीवाटपाची पाळी, मालाची आवक. येथें लिहिणारे अनेक असतात, म्हणून गोंधळही येथेंच होतो. बागाइतदारानें आपल्या बागेच्या स्वतंत्र पानावर लिहावें, व दर आठवड्यास नेमलेल्या तपासनिसानें तें पाहून तारीख घालून मंजूर करावें. मंजूर पान नंतर केवळ पाहण्यापुरतें राहावें. चूक निघाली तर जुनी ओळ ठेवून खालीं दुरुस्तीची ओळ, कारण व तारीख लिहावी. तपासनिसाची स्वतःची बाग असल्यास तिचें पान दुसऱ्यानें तपासावें.

५. फोल्डरची व्यवस्था

गूगल ड्राइव्हसारख्या व्यवस्थेंत मालकाखेरीज अधिकाराच्या तीन पायऱ्या असतात : केवळ पाहणारा, शेरा लिहूं शकणारा, आणि फेरबदल करूं शकणारा. यांची सांगड वरील वर्गांशीं घालतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली : मालकी संस्थेची असावी. बहुतेक ठिकाणीं चिटणिसाच्या स्वतःच्या खात्यावर फोल्डर उघडलेला असतो. आमच्या पाहण्यांतील एका गटाचा चिटणीस नोकरी लागून परगांवीं गेला. त्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें, परंतु त्याचा जुना नंबर बंद झाला, खातें उघडेना, आणि ऐन हंगामांत चार वर्षांच्या नोंदी असून नसल्यासारख्या झाल्या. कुलकर्ण्याच्या घरचा रुमाल तो हाच! संस्थेच्या नांवानें स्वतंत्र खातें उघडावें. त्याचा पासवर्ड अध्यक्षाच्या सहीच्या मोहोरबंद लखोट्यांत तिजोरींत ठेवावा, व खातें परत मिळविण्यासाठीं जो फोन नंबर द्यावा लागतो तो संस्थेचाच द्यावा. रोजचें काम मात्र त्या खात्यावरून करूं नये. प्रत्येकानें आपल्या नांवाच्या खात्यानें करावें. एकच पासवर्ड पांचजण वापरतात तेव्हां नोंद कोणाची हें कोणासही सांगतां येत नाहीं.

दुसरी : ‘ज्याच्यापाशीं लिंक असेल तो कोणीही’ ही मुभा आ, इ व ई या वर्गांस कधींही देऊं नये. लिंक ही किल्ली आहे, आणि व्हॉट्सॲपवर टाकलेल्या किल्लीच्या किती नकला झाल्या हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. नांवानिशीं परवानगी द्यावी.

तिसरी : मोठ्या फोल्डरवर दिलेला अधिकार आंतील सर्व कागदांस लागतो. वाड्याचा दरवाजा उघडला म्हणजे खोल्याही उघडतात. म्हणून आधारच्या प्रती इतिवृत्तांच्या फोल्डरांत पोटफोल्डर करून ठेवूं नयेत. चार वर्गांचे चार निराळे फोल्डर असावे, व आ वर्गांत प्रत्येक सभासदाचा निराळा.

चौथी : फेरबदलाचा अधिकार ज्यास दिला, तो तोच अधिकार पुढें तिसऱ्यासही देऊं शकतो. मालकास ही मुभा बंद करतां येते. ती बंद करावी. पोटकुळानें पोटकूळ लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

पांचवी : केवळ पाहण्याचा अधिकार हलका समजूं नये. ज्यास कागद दिसला त्यास त्याचें छायाचित्र घेतां येतें. सबब इ वर्गांत पाहणारेही मोजकेच असावे.

सहावी : अशा व्यवस्थेंत लिहिलेल्या कागदाचा मागील इतिहास पाहतां येतो, कोणीं, केव्हां, काय बदललें हें त्यांत दिसतें. जुन्या कंसाची व वर्तुळाची जागा यानें घेतली आहे. परंतु मालकानें कागदच काढून टाकला तर इतिहासही त्याबरोबर जातो. म्हणून दरमहा एक प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि मंजूर पानें छापून सहीनिशीं फायलीस लावावीं.

६. दिलेला अधिकार परत घेणें

अधिकार देणें सोपें आहे. परत घेण्याचेंच विस्मरण होतें. महसूल खात्यांत बदली झाली म्हणजे कार्यभाराची यादी होते. दप्तरें, शिक्के, नकाशे एकेक मोजून देणारा व घेणारा दोघे सह्या करितात. संस्थेंत पदाधिकारी बदलला, नोकर सुटला, हिशेबनीस दुसरा नेमला, किंवा सभासदानें राजीनामा दिला, कीं त्याच दिवशीं त्याचा प्रवेश काढावा व यादींत तारीख घालावी. सभासद वारला तर त्याचें पान पुसूं नये व कोणा एका वारसास घाईनें उघडूनही देऊं नये. वारसाची नोंद रीतसर झाल्यावर ज्याचें नांव लागेल त्यास प्रवेश द्यावा.

यासाठीं ‘अधिकारांची नोंदवही’ नांवाची एक साधी वही ठेवावी. रकाने सहा पुरेत : नांव, हुद्दा, कोणता फोल्डर, कोणता अधिकार, दिल्याची तारीख व ठराव, काढल्याची तारीख. वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वीं संचालक मंडळानें ही वही व प्रत्यक्ष फोल्डरवरील नांवें ताडून पाहावीं. ज्या नांवास वहींत आधार नाहीं तें नांव फोल्डरवरून काढावें.

७. एक आक्षेप

कित्येक बंधु म्हणतील कीं, संस्था भाऊबंदांची; तींत कुलुपें घालणें म्हणजे एकमेकांवर अविश्वास दाखविणें. आमचें म्हणणें उलट आहे. वाटणीचे व बांधाचे जे तंटे आमच्यासमोर आले, त्यांतील पुष्कळांचें मूळ लबाडींत नव्हतें. कागद कोणीं लिहिला व केव्हां लिहिला हें कोणास सांगतां आलें नाहीं, यांत होतें. जेथें लिहिणाऱ्याचें नांव लागतें व दुसऱ्याची मंजुरी पडते, तेथें प्रामाणिक चिटणिसावर आळ घेण्यास जागा राहत नाहीं. नियमाचा पहिला फायदा त्यासच मिळतो. आणि ज्या सभासदास आपलें पान केव्हांही उघडून पाहतां येतें, तो चावडीवर बसून कुजबुजत नाहीं.

नियम फार करूं नयेत. दहा सभासदांच्या गटानें वीस फोल्डर व तीस परवानग्या करून ठेविल्या, तर कंटाळून सर्वजण पुनः एकाच्याच मोबाइलवरून काम करूं लागतील. वरील चार वर्ग, दोन हात, एक वही, एवढ्यानें लहान संस्थेचें काम भागतें.

आमची वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, हा अंक हातीं आल्यावर होणाऱ्या पहिल्या मासिक सभेंत संस्थेचा फोल्डर सर्वांसमोर उघडावा, तो कोणाकोणास उघडा आहे तीं नांवें मोठ्यानें वाचून दाखवावीं, आणि प्रत्येक नांवापुढें एकच प्रश्न विचारावा : यास हा अधिकार कोणीं व कशासाठीं दिला? ज्याचें उत्तर मिळेल तें नांव वहींत लिहावें. ज्याचें मिळणार नाहीं तें त्याच बैठकींत कमी करावें व तसा ठराव इतिवृत्तांत घ्यावा.